ऐंशी किलो

जोखमींच्या यादीत एक्केचाळीस ओळी होत्या.
दर रविवारी मी ती पडद्यावर लावायची
आणि सोहारच्या त्या गारठलेल्या मीटिंगरूममध्ये
हिलाल अल-मामरी लाल तेवढ्या वाचायचे.

सतरावी मुळात पिवळी.
लाल-पिवळं फार दिसायला लागलं, म्हणून मीच हिरवी केली.
"जुन्या प्रणालीची माहिती एकाच माणसाकडे."
शक्यता कमी, परिणाम मोठा.
उपाय: लिहून घेणे.
जबाबदार: मी.
तारीख कधीच उलटून गेली होती,
पण हिरव्या ओळीची तारीख कोण बघतं?

तो एक माणूस म्हणजे इब्राहिमभाई मुकादम,
मूळ दाभोळचे, चौऱ्याण्णवपासून
वजनकाट्याच्या केबिनमध्ये.
मला बाय म्हणायचे, डब्यातलं सांदण पुढे करायचे.
मी विचारायची, प्रोग्रॅमचं काही लिहून ठेवलंय का कुठे?
ते कानशिलावर बोट टेकवायचे.
मी सांदण खाऊन परत यायची.

व्हेंडर दुबईचा, करार एकशे बारा पानांचा,
उशिराला दंड, दंडाला कमाल मर्यादा,
मर्यादेला तळटीप.
चाचण्या जानेवारीत झाल्या: सहाशे ट्रक,
एका किलोचा फरक नाही.
फिरासने केक मागवला. मी सही केली.

जूनमधल्या एका गुरुवारी रात्री जुनं बंद, नवं चालू.
शुक्रवारी सातला पहिला ट्रक
ऐंशी किलो जास्त.
दुसरा, ऐंशी.
अकरावा, ऐंशी.
एवढी नेमकी चूक
चुकून होत नाही.

सर्व्हरपाशी पुठ्ठ्यावर झोपून उठलेला लोकनाथन म्हणाला,
मॅडम, आमचं गणित बरोबर आहे.
आणि ते होतंच.
फिरास फोनवरून: हे स्कोपमध्ये नाही.
हिलाल: मग कशात आहे?
बाहेर रांग बंदराच्या फाटकापर्यंत,
हवा पिळून न काढलेल्या फडक्यासारखी.

इब्राहिमभाई मस्कतच्या विमानतळावर होते,
कायमचे निघालेले.
"ऐंशी? ते डायवरचं वजन, बाय.
रिकामा ट्रक डिसेंबरात तोलतात, मानूस उतरवून.
भरलेला तोलताना पन उतरवायचा, असा नियम.
पन जूनच्या उनात उतरवायचा कसा?
एक पठाण पडला काट्यावरच, दोन हजार सातला.
तवापासून सप्टेंबरपर्यंत बसल्या जागी तोलतो
नि ऐंशी वजा करतो."

कुणाला विचारून?

"कुनाला विचारायचं? काटा माझ्याकडे होता."
मागे कोचीच्या विमानाची घोषणा,
मग कुणाची तरी ट्रॉली,
मग काहीच नाही.

जानेवारीत सगळे खाली उतरत होते, हे मला आठवलं.
थंडीला हात चोळत, चहाचे कप घेऊन
उभे असायचे ट्रकांच्या सावलीबाहेर.
मी त्यांचा फोटोही काढला होता,
अहवालाच्या मुखपृष्ठासाठी.

संध्याकाळी फिरासचं पत्र:
"हंगामी वजावट, चालक."
बदलाचा दर अठराशे रियाल, नऊ कामाचे दिवस.
हिलालनी आकडा दोनदा वाचला,
मग खिडकीतून रांगेकडे बघत राहिले
आणि काही न बोलता सही केली.

मी सतरावी ओळ लाल केली.
आता तिचा उपयोग शून्य,
पण रंग तरी खरा.

तेव्हापासून मुकादमांच्या खुर्चीत मी,
पावतीमागून पावती, पेन्सिलने, वजा ऐंशी.
काल एक पोरगा आला, निझवाकडून जिप्सम घेऊन;
काच अर्धी खाली करून त्याने सलाम केला.
मनगटं काटकीसारखी.
पंचावन्नच्या वर नसेल.

मी ऐंशीच लिहिले.
उरलेल्या पंचवीस किलोंचं काय,
हे अजून मला कुणी विचारलेलं नाही.